मोटीबेन आणि तिसरा भाग

मोटीबेन पुस्तक हातात द्यायच्या, पण सोडायच्या नाहीत. एक टोक आपल्या हातात, दुसरं त्यांच्या, मध्ये टेबल, आणि मग चौकशी सुरू. "किती दिवसांत वाचणार? घरी अजून कोण वाचतं? ठेवणार कुठे? तेलाचे हात लावणारं कुणी आहे का घरात?" उत्तरं पटेपर्यंत पकड ढिली व्हायची नाही. डहाणू रोडच्या आमच्या सार्वजनिक वाचनालयात नवा आलेला माणूस हमखास फसायचा. त्याला वाटायचं, बाईंनी पुस्तक दिलं, आणि तो ओढायला लागायचा. एका रेल्वेच्या साहेबांनी तर चांगला जोर लावला होता. पुस्तक मोटीबेनकडेच राहिलं.

त्यांचं खरं नाव फळ्यावर 'ग्रंथपाल' या शब्दापुढे लिहिलेलं होतं, पण ते कुणी घेतल्याचं मला आठवत नाही. गावाला त्या मोटीबेन, म्हणजे थोरली बहीण. अंगाने एवढ्याशा. वरच्या फळीवरचं पुस्तक काढायला त्यांना स्टूल लागायचं आणि त्या स्टुलाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. घरची भाषा गुजराती. मराठी शिकल्या त्या वाचनालयातली पुस्तकं वाचून, त्यामुळे त्यांचं मराठी आमच्यापेक्षा शुद्ध. सरावली गावच्या भाजीवालीला म्हणायच्या, "बाई, ही वांगी मला किंचित प्रौढ वाटतात." भाजीवाली बिचारी एकदा वांग्यांकडे बघायची, एकदा बाईंकडे. रागावल्या की मात्र सगळं छापील मराठी बाजूला राहायचं आणि थेट "शरम नथी आवती?" यायचं. हे वाक्य माझ्या वाट्याला बऱ्यापैकी आलं.

मी गणिताचा मास्तर. ऐंशीच्या दशकात नोकरी लागून डहाणूला आलो, आणि आल्या आल्या ठरवून टाकलं की आपण नुसते गणिताचे मास्तर नसून साहित्याचे रसिक आहोत. हे मला कुणी सांगितलं होतं असं नाही. वाचनालयाचा सभासद झालो, पहिलं पुस्तक नेलं, चार दिवसांनी परत आणलं. मोटीबेननी विचारलं, "यातली एक गोष्ट सांगा." परत आलेल्या प्रत्येक पुस्तकावर त्यांचा हा एक प्रश्न ठरलेला. मी घसा खाकरून म्हणालो, "मानवी मनाच्या तळाचा वेध घेणारी कलाकृती आहे." त्यांनी पुस्तक उलटं केलं, मलपृष्ठ माझ्यासमोर धरलं आणि तेच वाक्य बोट ठेवून मला वाचून दाखवलं. "हे मलाही माहीत आहे मास्तर. आतलं सांगा." पुस्तक परत माझ्या पिशवीत. आमच्या नववीतली दोन मुलं तिथे वर्तमानपत्र वाचत होती. ती हसली नाहीत, एवढे संस्कार मी त्यांच्यावर केले होते.

अशा ठिकाणी माझ्यासारख्या माणसाचं कसं जमायचं? मी पुस्तकं विकतच घ्यायचं ठरवलं. हल्ली माझी नात मोबाइलवर बोट टेकवते, तिसऱ्या दिवशी खोकं दारात, आणि तिला वाटतं घरबसल्या पुस्तक मागवण्याचा शोध त्यांच्या पिढीचा. अगं बाई, आम्ही पोस्टकार्डावर मागवायचो! प्रकाशकांची सूचिपत्रं यायची, प्रकाशनपूर्व सवलतीची पत्रकं यायची. त्यातल्या नावांपुढे मी लाल पेन्सिलीने खुणा करायचो. मग व्हीपीने पार्सल यायचं, पैसे दारात मोजून घ्यायचं. पोस्टमन दारात उभा राहून मोठ्याने "मास्तर, पुस्तकं!" म्हणायचा. तो हळू म्हणाला तर मला ऐकू यायचं नाही. शेजारच्या खिडक्या उघडल्याची खात्री झाली की मी बाहेर यायचो. या सगळ्यात सर्वांत सोयीचं हे होतं की पोस्टमन कधी म्हणायचा नाही, "मागच्या पुस्तकातली एक गोष्ट सांगा."

पुस्तकं ठेवायला काचेचं कपाट केलं. रबरी शिक्का करून घेतला, 'खासगी ग्रंथसंग्रह', आणि खाली क्रमांक. क्रमांकाची सुरुवात मी पाचशे एकपासून केली. गणिताच्या माणसाला तेवढी मुभा असावी. आमची ही एकदा फडकं घेऊन कपाटासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, पुसायचं काम माझ्याकडे, हे कळलं. वाचायचं कुणाकडे दिलंय?" मी तिला सांगितलं, निवृत्तीनंतरची ही तजवीज आहे. ती म्हणाली, "मग निवृत्तीपर्यंत पुसणं तरी बंद ठेवू का?"

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मोटीबेन घरी आल्या. बाकीच्या बायका वाणाच्या वाट्या बघत होत्या, या सरळ कपाटाकडे. मी कौतुकाच्या आशेने शेजारी जाऊन उभा राहिलो. त्यांनी एक पुस्तक काढलं, कडेला बोट फिरवलं, आतून कसर पळाली. समुद्राची हवा, आमच्याकडे पुस्तकाला बुरशी नाहीतर कसर ठरलेली. मोटीबेन म्हणाल्या, "मास्तर, माणसाचा हात लागतो त्या पुस्तकाला कसर लागत नाही. माझ्याकडे बघा, पानं फाटतात, पुठ्ठे निघतात, पण कसर नाही." आणि तिळगूळ घेऊन गेल्या. मी दुसऱ्याच दिवशी डांबराच्या गोळ्या आणल्या. उपदेश ऐकून पुस्तक उघडण्यापेक्षा ते सोपं होतं.

आता त्यांच्या बुधवाराबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं तिथून सुरू होतं. दर बुधवारी वाचनालय बंद असायचं, आणि मोटीबेन दोन कापडी पिशव्यांत तीसेक पुस्तकं भरून एसटीने तलासरीला जायच्या. तिथे एका किराणा दुकानाच्या ओट्यावर पुस्तकं मांडून बसायच्या. शिक्षक, ग्रामसेवक, दवाखान्यातल्या बाया, कॉलेजला जाणाऱ्या मुली, सगळे यायचे, मागचं द्यायचे, पुढचं न्यायचे. पुस्तक सोडायच्या आधीची ओढाताण तिथेही व्हायचीच. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. कार्यकारिणीतल्या एकांनी म्हटलं, "बेन, असा काही नियम नाही." त्या म्हणाल्या, "करू नये असाही नाही." यावर सभा संपली.

तलासरीला येणाऱ्यांत एक सिस्टर होत्या, तिथल्या दवाखान्यात नर्स. माहेर डोंगराकडच्या एका पाड्यावर, पिढ्यान्‌पिढ्या भात-नागलीची शेती. वडील म्हातारे, चौथीपर्यंत शिकलेले, जन्मभर मिळेल ते वाचणारे, आणि आता दोन्ही डोळे गेलेले. आई नव्हती, म्हणून सिस्टर तिकडेच राहायच्या आणि ड्युटी संपवून घरी गेल्या की वडिलांना वाचून दाखवायच्या. त्या वर्षी एक तीन भागांची कादंबरी चालली होती. दोन भाऊ, त्यांची सामाईक विहीर, सावकाराच्या कारभाऱ्याने त्या विहिरीवरून फोडलेलं घर. पहिले दोन भाग झाले. दुसऱ्याच्या शेवटी थोरला भाऊ बऱ्याच वर्षांनी येऊन धाकट्याच्या दाराशी उभा राहतो, आणि भाग संपतो.

तिसरा भाग वाचनालयात नव्हता. बदली होऊन गेलेल्या कुणा सभासदाबरोबर तो केव्हाच गेला होता. प्रकाशकाकडे आवृत्ती संपलेली. मोटीबेननी पालघरला लिहिलं, वापीला विचारलं, मुंबईला निरोप धाडला. कुठेच नाही. इकडे म्हाताऱ्याचं हृदय थकलेलं. डॉक्टरांनी सिस्टरना सांगितलं होतं, फार दिवस धरू नका. आणि म्हातारा रोज संध्याकाळी विचारायचा, "तो दारात हाय अजून?"

डहाणू आणि तलासरी मिळून तो तिसरा भाग एकाच ठिकाणी होता. माझ्या कपाटात, क्रमांक पाचशे त्रेचाळीस.

सगळीकडून नकार आला तेव्हा मोटीबेनना माझं कपाट आठवलं. मंगळवारी त्या शाळेत आल्या. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात त्यांनी सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "उद्या बुधवार. पुस्तक द्या, मी घेऊन जाते. महिन्याभरात परत, माझा शब्द." आता कुठलाही शहाणा माणूस काय म्हणाला असता? मी म्हणालो, "संच फुटतो हो, बेन."

पण संचाचं निमित्त होतं. खरं कारण सांगायची मला आजही लाज वाटते. वाचनालयाच्या वर्धापनदिनाला मी याच कादंबरीवर पाऊण तास बोललो होतो. 'तिसऱ्या भागात लेखक जी उंची गाठतो' असं दोनदा म्हणालो होतो. आणि माझ्या तिसऱ्या भागाची पानं अजून कापलेलीदेखील नव्हती. छापखान्यातून आली तशी कडेला जोडलेली होती. ते पुस्तक मोटीबेनच्या हातात पडलं असतं तर माझी उंची त्यांना तिथल्या तिथे कळली असती. घरी जाऊन पट्टीने पानं सोडवावीत एवढंही मला सुचलं नाही. खोटं बोलणाऱ्याला डोकं लागतं, ते माझं सगळं गणितात गेलं असावं. मी म्हणालो, "शिवाय सध्या मी तो पुन्हा वाचतोय."

मोटीबेन म्हणाल्या, "मग निदान शेवट सांगा. म्हाताऱ्याला तेवढं तरी पोचवते." त्यांनी चक्क वही काढली. आणि मी, गणिताचा मास्तर, व्हरांड्यात उभा राहून न वाचलेल्या भागाचा शेवट रचला. थोरला आत जातो, भाऊ गळ्यात गळा घालून रडतात, विहिरीवर सत्यनारायण होतो, आणि भांडण लावणारा तो सावकाराचा कारभारी विहिरीपाशीच साप चावून मरतो. साप कुठून आला? त्या आठवड्यात शाळेच्या मागे एक निघाला होता, तो डोक्यात होता. मोटीबेननी सगळं लिहून घेतलं. घंटा झाली. मी वर्गात गेलो आणि फार छान शिकवलं.

पुढच्या बुधवारी दुपारी त्या तलासरीहून परस्पर माझ्या घरी आल्या. सुट्ट्या लागल्या होत्या, मी झोपाळ्यावर सूचिपत्र वाचत होतो. पिशव्या खाली न ठेवता त्या म्हणाल्या, "म्हातारा म्हणतो, हे खोटं आहे."

"म्हणजे?"

"म्हणतो, गोष्ट माघातली आहे. माघाच्या थंडीत डोंगरात साप बाहेर पडत नाही. लिहिणारा शेतातला माणूस आहे, तो असा चुकणार नाही. आणि म्हणतो, विहिरीवरून तुटलेला भाऊ एका दिवसात आत जात नाही." मोटीबेननी माझ्याकडे बघितलं. "मास्तर, मी आठ दिवस त्या म्हाताऱ्याला खोटं पोचवलं. माझ्या तोंडून. शरम नथी आवती?"

मी कपाट उघडलं. किल्ली सापडायलाही वेळ लागला, एवढं ते रोजच्या उघडण्यातलं होतं. पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते लगेच घेतलं नाही. "तुम्हीच चला," म्हणाल्या. "सकाळची पहिली बस. पुस्तक आता माझ्याकडे द्या, वाटेत संच फुटायला नको." मला टोमणा कळला. मी पुस्तक त्यांच्या पिशवीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तलासरीपर्यंत एसटी, पुढे जीप, पुढे पायी. भातकापणी झालेली, अंगणात नागली वाळत घातलेली, आणि कडेला बाजेवर म्हातारा. सिस्टरनी रजा टाकली होती. आजूबाजूच्या घरांतली आठ-दहा माणसं आधीच येऊन बसली होती. रोज ऐकून ऐकून त्यांनाही त्या भावांचं लागून राहिलं होतं. मोटीबेननी पुस्तक माझ्या हातात दिलं, या वेळी लगेच सोडलं, आणि पिशवीतून लोखंडी पट्टी काढून पुढे केली. म्हणजे त्यांनी रात्रीच ते उघडून बघितलं होतं.

मी पट्टी घालून पहिलं पान सोडवलं. त्याचा एवढा आवाज होतो हे मला माहीत नव्हतं.

"काय फाडता, मास्तर?" म्हातारा म्हणाला.

"पानं सुटी करतोय."

"म्हंजे तुमी वाचला नाय."

"नाही बाबा," मी म्हणालो.

मला वाटलं आता ऐकावं लागणार. म्हातारा मात्र खुशीत हसला. "बरा झाला. म्हंजे तुमाना बी ठाव नाय. वाचा मग."

मी वाचलं. थोरला भाऊ आत गेला नाही. दारातूनच परत फिरला. "बोललो होतो ना?" म्हातारा सगळ्यांना म्हणाला, आणि मला पुढे वाचायची खूण केली. तीस पानं झाली. माझा घसा बसला, पण सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा मला पुढचं पान उलटायची घाई झाली होती. निघताना पुस्तक तिथेच ठेवलं. सिस्टर म्हणाल्या, "रोज पाचच पानं वाचते. त्याहून जास्त बाबांना आता झेपत नाही."

त्यानंतर दर बुधवारी मी तलासरीची बातमी ऐकायला वाचनालयाच्या दारात उभा असायचो. मोटीबेन पिशव्या घेऊन उतरायच्या आणि लांबूनच सांगायच्या, "धाकटा आजारी पडला." पुढच्या वेळी, "विहीर आटली." मी म्हणायचो, "पुढे?" त्या म्हणायच्या, "पुढे पाच पानं रोज. थांबा." माझंच पुस्तक, आणि मी त्यासाठी रांगेत उभा होतो. आमच्या हिला हे सांगितलं तर तिला हसू आवरेना.

महिन्याभराने एका बुधवारी मोटीबेन उतरल्या आणि पिशव्या घेऊन थेट माझ्याजवळ आल्या. म्हातारा सोमवारी गेला होता. मी विचारू नये ते विचारलं, किती राहिलं होतं? "चाळीस पानं," त्या म्हणाल्या.

तेराव्यानंतर सिस्टरांचा निरोप आला, मास्तरांनी येऊन राहिलेलं वाचावं. आम्ही दोघं गेलो. तीच माणसं बसली होती. बाज उभी करून भिंतीला लावली होती. मी चाळीस पानं एका बैठकीत वाचली. शेवटी थोरला येतो, धाकटा पाणी शेंदत असतो, कुणी कुणाशी बोलत नाही, धाकटा भरलेली बादली त्याच्याकडे सरकवतो, बस. एवढंच. सिस्टर म्हणाल्या, "बाबांना हे पटलं असतं." आणि मग त्या रडल्या, इतके दिवस रडल्या नव्हत्या म्हणे. पुस्तक मी आणलं नाही. मोटीबेननी त्यावर वाचनालयाचा शिक्का मारून ते सिस्टरांच्याच नावावर दिलं, मुदत न लिहिता.

परतीच्या बसमध्ये मोटीबेन खिडकीशी होत्या, मी शेजारी. गणिताच्या माणसाचं डोकं, ते थांबतं का? रोज पाच पानं. मी पुस्तक अडवून ठेवलं ते आठ दिवस. पाच गुणिले आठ. चौथीतलं पोर तोंडी करेल. शेवटी मला राहवेना. मी म्हणालो, "बेन, मी त्या मंगळवारीच पुस्तक दिलं असतं, तर त्यांचं पुरं झालं असतं."

आणि मी वाट बघत राहिलो. अशा वेळी माणसं काय म्हणतात ते ठरलेलं आहे. मनाला लावून घेऊ नका, ज्याची त्याची वेळ, तुम्ही तरी काय करणार.

मोटीबेन म्हणाल्या, "हो. झालं असतं."

डहाणूला उतरताना त्यांनी एक रिकामी पिशवी माझ्या हातात दिली, म्हणाल्या, "पुढच्या बुधवारी ही तुम्ही धरा. माझा खांदा दुखतो." पुढची चार वर्षं, शाळेतून जमेल तसे, मी ते बुधवार केले. मग त्या निवृत्त झाल्या, मुलाकडे वलसाडला गेल्या, आणि तिथेच एका वर्षात वारल्या. बातमी पोस्टकार्डाने आली. पोस्टमनने त्या दिवशी हाक मारली नाही.

ही गोष्ट नंतर मी पुष्कळांना सांगितली आहे. सोबतच्या शिक्षकांना, जावयाला, परवा नातीला. बायको तर दर वेळी तीच समजूत घालते. सगळी चांगली माणसं आहेत, सगळी म्हणतात, आठ दिवसांनी काय फरक पडणार होता. 'हो' म्हणणारं माणूस मला एकच भेटलं. त्यांच्याइतका मान मला दुसऱ्या कुणी दिला नाही, आणि त्या आता नाहीत.